जुन्या आर्केड बोर्डांच्या कस्टम चिप नव्याने घडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूर आणि आसपासच्या ज्या मंडळींना व्हिडिओ गेम पार्लरमधले, गोदामातले किंवा कबाड्याकडून आणलेले आर्केड बोर्ड पुन्हा चालू करायचे आहेत, त्यांच्यासाठी आहे. सोल्डरिंग येते आणि मल्टीमीटर हाताळता येतो एवढे गृहीत धरले आहे. व्हेरिलॉग (चिपचे लॉजिक लिहिण्याची भाषा) येत नसले तरी पहिला अर्धा भाग कामाचा आहे, कारण बरेचसे बोर्ड तिथेच चालू होतात.

कस्टम चिप म्हणजे काय? ती विकत का मिळत नाही?

झेड८०, ६८००० हे प्रोसेसर किंवा ७४एलएस मालिकेतल्या टीटीएल (साध्या लॉजिकच्या, ५ व्होल्टच्या) चिप कुणालाही विकत मिळायच्या आणि आजही मिळतात. पण नाम्को, कोनामी, कॅपकॉम, सेगा, अटारी, विल्यम्स या कंपन्यांनी १९८०च्या दशकात फक्त आपल्या खेळांसाठी चिप बनवून घेतल्या. डझनावारी टीटीएल चिपचे काम एका चिपमध्ये मावावे हा एक हेतू होता आणि नक्कल करणाऱ्यांची वाट अडवावी हा दुसरा. अशा चिपवर कंपनीचा स्वतःचा क्रमांक असतो आणि डेटाशीट नसते. उत्पादन तर कधीच थांबले. सुटी चिप मिळाली तरी ती दुसऱ्या बोर्डातून उपटलेली असते, म्हणजे एक बोर्ड जगवायला दुसऱ्याचा बळी. हा हिशेब फार काळ चालणार नाही, म्हणून पर्यायी चिप घडवायची.

कस्टम चिपच गेली आहे, हे खात्रीने कसे कळते?

आधी बाकी सगळे निर्दोष ठरवायचे. हा क्रम मोडू नका.

सर्वांत आधी व्होल्टेज. सप्लायवर मोजू नका, बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या पायांवर मोजा. ५.०० ते ५.१० व्होल्ट हवे, ४.७५च्या खाली टीटीएलचा भरवसा संपतो. सप्लायला ५.१ आणि चिपवर ४.६ दिसत असेल तर जामा कनेक्टर (बोर्ड कॅबिनेटला जोडणारी कडेची जोडणी) काळा पडला आहे. त्याच्या ५६ पट्ट्या इरेजरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा मोजा.

मग क्लॉक. पॅक-मॅनच्या बोर्डावर १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्यातून ६.१४४ आणि पुढे झेड८०साठी ३.०७२ मेगाहर्ट्झ निघतात. साखळी जिथे तुटते तिथेच दोष शोधायचा.

मग रिसेट. ही लाइन ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की रिसेट देणारे सर्किट) प्रोसेसरला सतत उठवतो आहे, म्हणजे प्रोग्राम चालत नाही. अशा वेळी रॉम, रॅम आणि सॉकेट हे पहिले संशयित. ईप्रॉम (प्रोग्राम साठवलेली रॉम चिप) वाचून चेकसम (आतल्या मजकुराचा पडताळणी आकडा) ताडून घ्या.

त्यानंतर साध्या टीटीएल चिप. फुजित्सूची एमबी७४एलएस मालिका यात कुप्रसिद्ध आहे: आउटपुट आतून तुटते आणि पाय अधांतरी राहतो. लॉजिक प्रोब तिथे गप्प बसतो, ऑसिलोस्कोपवर ना धड शून्य ना धड एक अशी मधली रेष दिसते. कस्टम चिपच्या शेजारी फुजित्सूची ७४एलएस२४५ बसली असेल तर आधी तीच बदला.

शेवटी कस्टम चिपचे पाय. चांदीचा मुलामा असलेले पाय गंधकाने काळे पडतात आणि चिप सॉकेटमधून काढताना मुळाशी तुटतात. तुटलेल्या पायाच्या बुडाशी थोडा धातू उरलेला असेल तर बारीक तार सोल्डर करून पाय परत उभा राहतो. सपाट पॅकेजच्या चिपचे पाय भिंगाखाली एकेक करून सुईने हलकेच ढकलून पाहा. हलला तर फक्त फ्लक्स लावून आयर्न फिरवायचा आहे, नवी चिप नको.

एवढे सगळे ठीक असेल, इनपुट बरोबर येत असतील आणि आउटपुट मेलेले किंवा चुकीचे असतील, तरच चिपवर ठपका ठेवा.

आपल्याकडे पार्लरमध्ये चालायचे त्या बोर्डांत अशा चिप असतात का?

बऱ्याचदा नसतात. भारतात आलेले कितीतरी बोर्ड नक्कल केलेले होते. नक्कल करणाऱ्यांना कस्टम चिप मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तेच काम टीटीएल चिपची रांग लावून केले. बोर्ड मोठा आणि गरम, पण प्रत्येक भाग आजही मिळणारा. आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतात तो खेळ म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याच्या मूळ बोर्डात कस्टम चिप आणि बॅटरी दोन्ही आहेत. तेव्हा बोर्ड हातात आल्यावर पहिले काम त्यावरचे क्रमांक वाचून मूळ की नक्कल हे ठरवणे. नकलेचा बोर्ड कबाडात टाकू नका. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

बॅटरी संपली आणि बोर्ड मेला. नवी चिप घडवावी लागेल का?

बहुधा नाही. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांत प्रोग्राम कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याची किल्ली ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलवर जगणाऱ्या मेमरीत असते. सेल संपला की किल्ली पुसली जाते, पण चिप शाबूत राहते. या किल्ल्या आता माहीत झाल्या आहेत आणि अर्ड्युइनोने परत लिहिता येतात. सेगाची एफडी१०९४ ही ६८००० कूळातली चिप आणि कॅपकॉमची काबुकी ही झेड८० कूळातली चिप याच जातीच्या.

काबुकीच्या जागी साधा झेड८० आणि उलगडलेला प्रोग्राम घालताना एक मेख आहे: काबुकी ऑपकोड (प्रोसेसरचे हुकूम) वेगळ्या रीतीने उलगडते आणि डेटा वेगळ्या. म्हणून दुप्पट मोठा ईप्रॉम घेऊन एका अर्ध्यात ऑपकोड, दुसऱ्यात डेटा भरतात आणि कोणता अर्धा भाग वाचायचा हे झेड८०च्या एम१ पायाने सर्वांत वरची ॲड्रेस लाइन चालवून ठरवतात. फक्त ऑपकोडची प्रत भरली तर प्रोग्राम सुरू होतो आणि पहिल्या तक्त्यापाशी कोसळतो.

डेटाशीट नाही, मग चिपच्या आत काय चालते हे कळणार कसे?

चार वाटा आहेत आणि आम्ही त्या याच क्रमाने धरायला सांगतो.

पहिली वाट मेमचा (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरचा) सोर्स कोड. १९९७ पासून चालत आलेल्या या प्रकल्पात शेकडो कस्टम चिपचे वर्तन टिप्पण्यांसह लिहिलेले आहे. नाम्कोच्या गॅलागा या खेळाचेच बघा: ०५एक्सएक्स तारे काढते, ०६एक्सएक्स मध्यस्थी करते, ५१एक्सएक्स नाणी आणि जॉयस्टिक वाचते, ५४एक्सएक्स स्फोटाचा आवाज करते. नाणे टाकूनही क्रेडिट वाढत नाही आणि काठीही मेलेली, तर बोट थेट ५१एक्सएक्सकडे जाते. मात्र मेमला चित्र बरोबर दिसण्याशी मतलब असतो, कोणता पाय कोणत्या नॅनोसेकंदाला हलतो याच्याशी नाही. चिप घडवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

दुसरी वाट सर्किटचे नकाशे आणि नकलेचे बोर्ड. पॅक-मॅनमध्ये नाम्कोच्या दोन कस्टम चिप आहेत, एक सिंक बस कंट्रोलर आणि दुसरी व्हिडिओ रॅमचा पत्ता काढणारी. अमेरिकेत मिडवेने त्यांच्या जागी टीटीएलच्या छोट्या पाट्या लावलेले बोर्ड विकले. म्हणजे त्या चिपचे संपूर्ण तर्कजाल कंपनीनेच उघड्यावर ठेवलेले आहे. मल्टीमीटरने जोड तपासत गेलात की एका सुट्टीत समीकरणे लिहून होतात.

तिसरी वाट लॉजिक ॲनालायझर, म्हणजे अनेक पायांचे सिग्नल एकाच वेळी नोंदवणारे यंत्र. ८ वाहिन्यांचे २४ मेगाहर्ट्झचे स्वस्त यंत्र इथे तोकडे पडते. ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा एक फेरा १६३ नॅनोसेकंदांचा, त्यात ते जेमतेम चार नमुने घेते. निदान १६ वाहिन्या आणि १०० मेगाहर्ट्झ हवे.

चौथी वाट चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेण्याची. फर्टेक या टोपणनावाच्या संशोधकाने कोनामी आणि निओ जिओच्या अनेक चिप याच मार्गाने वाचून व्हेरिलॉगमध्ये उतरवल्या आणि सर्वांसाठी खुल्या केल्या. तुमच्या चिपचा क्रमांक तिथे आहे का हे पाहिल्याशिवाय स्वतःचे काम सुरू करू नका.

घरी ॲसिडने चिप उघडता येईल का?

नाही. प्लास्टिक खायला धूर सोडणारे नायट्रिक ॲसिड गरम करून वापरतात. फ्यूम हूड, हातमोजे आणि प्रशिक्षण नसलेल्या माणसाने त्याच्या जवळही जाऊ नये. मेलेली चिप जपून ठेवा आणि हे काम नियमित करणाऱ्यांकडे पाठवा. मेलेल्या चिपची छायाचित्रेही तितकीच उपयोगी असतात.

गॅल, सीपीएलडी, एफपीजीए की मायक्रोकंट्रोलर?

पहिल्या तिन्ही आपले लॉजिक भरता येणाऱ्या चिप आहेत: गॅल सर्वांत छोटी, सीपीएलडी मधली, एफपीजीए सर्वांत मोठी. ॲड्रेस डीकोडरसारखे छोटे काम असेल तर एटीएफ१६व्ही८ किंवा एटीएफ२२व्ही१० ही गॅल पुरे. दोन्ही ५ व्होल्टच्या आहेत आणि साध्या यूएसबी प्रोग्रामरवर भरता येतात.

काउंटर, लॅच, शिफ्ट रजिस्टर असलेल्या चिपसाठी सीपीएलडी. आमची पहिली पसंती मायक्रोचिपच्या एटीएफ१५०४एएस आणि एटीएफ१५०८एएसला, अनुक्रमे ६४ आणि १२८ मॅक्रोसेल (लॉजिक भरायचे कप्पे). दोन्ही खऱ्या ५ व्होल्टच्या, वीज येताच जाग्या होणाऱ्या. एटीएफशी जुळणाऱ्या अल्टेराच्या मॅक्स ७०००एस मालिकेसाठी क्वार्टस १३.० एसपी१ या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करायचे आणि निघालेली पीओएफ फाइल पीओएफ२जेईडीने बदलून एटीएफमध्ये भरायची, हा रुळलेला रस्ता आहे. जेटॅगचे (चिप भरण्याच्या जोडणीचे) चार पाय मात्र कामाला जुंपू नका, नाहीतर चिप दुसऱ्यांदा भरताना नाकी नऊ येतात.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. ४० पायांच्या मूळ चिपमध्ये वीज आणि ग्राउंड सोडून ३८ सिग्नल असतात. ४४ पायांच्या एक्ससी९५७२एक्सएल या सीपीएलडीमध्ये वापरता येणारे पाय ३४च. मॅक्रोसेल उरतात आणि पाय संपतात. आधी पाय मोजा, मग भाग निवडा.

लाइन बफर, स्प्राइट किंवा आवाजाच्या चिपसाठी आत मेमरी लागते, तिथे एफपीजीए. लॅटिसच्या आयसीई४० मालिकेसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मुक्त साधने उत्तम चालतात. यामाहाच्या वायएम२१५१ या आवाजाच्या चिपसाठी जोसे तेहादा यांचा जेटी५१ हा खुला गाभा उपलब्ध आहे.

मायक्रोकंट्रोलर फक्त तिथेच, जिथे मूळ चिपही मायक्रोकंट्रोलरच होती. गॅलागाची ५१एक्सएक्स मुळात फुजित्सूचा ४ बिटांचा एमबी८८४३ आहे, म्हणून तिथे ते शोभते. पिक्सेलच्या वेगाने चालणाऱ्या लॉजिकची जागा सॉफ्टवेअरला देऊ नका.

३.३ व्होल्टची चिप ५ व्होल्टच्या बोर्डात बसते का?

दोन दिशांचा विचार वेगवेगळा करा. बोर्डाकडून येणाऱ्या ५ व्होल्टने आयसीई४० जळेल. मध्ये ७४एलव्हीसी२४५ ही चिप ३.३ व्होल्टवर चालवून घाला, तिचे इनपुट ५ व्होल्ट सोसतात. उलट दिशेला ३.३ व्होल्टचे आउटपुट ७४एलएसला पुरते, कारण तिला २.० व्होल्टच्या वर काहीही ‘एक’ वाटते. पण समोर ७४एचसी असेल तर ३.५ व्होल्ट लागतात, तिथे मध्ये ७४एएचसीटी घाला.

सगळ्यांत फसवा पाय म्हणजे जुन्या एनमॉस झेड८०चा क्लॉक. त्याला सप्लायपेक्षा फार तर ०.६ व्होल्ट कमी चालतात, म्हणजे ४.४ व्होल्ट हवेत. तुमची नवी चिप हा क्लॉक देणार असेल तर ७४एसीटी०४ मधून द्या आणि ३३० ओहमचा पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) लावा. दिशा आपोआप ओळखणारे लेव्हल शिफ्टर या बसवर वापरू नका; बोर्डावरच्या पुल-अपमुळे ते गोंधळतात.

मूळ चिपमध्ये चूक असेल तर ती सुधारावी का?

कधीच नाही. विल्यम्सच्या रोबोट्रॉन (१९८२) मध्ये चित्रांचे ठोकळे हलवणाऱ्या दोन ‘एससी१’ चिप आहेत. या चिपला रुंदी आणि उंची सांगितली की ती आकड्याचा एक बिट उलटा धरते, म्हणजे आकड्याचा ४ शी एक्सऑर करते. खेळ लिहिणाऱ्यांनी ही खोड ओळखून सगळे आकडे आधीच ४ शी एक्सऑर करून लिहिले. समजा ठोकळा ६ बाइट रुंद आहे. ६ म्हणजे ११०, एक्सऑर ४ केल्यावर ०१०, म्हणजे २. प्रोग्राम २ लिहितो, चिप त्याचे ६ करते. तुम्ही ‘शहाणी’ चिप घडवली तर ती २ च बाइट हलवेल आणि पडद्यावर माणसाची पट्टी उमटेल. नंतरच्या एससी२ मध्ये विल्यम्सने ही खोड काढली, म्हणून कोणता खेळ कोणत्या चिपसाठी लिहिला आहे हे पाहूनच फाइल भरा.

मॉड्यूलच्या पीसीबीला काय काय लागते?

मॉड्यूल म्हणजे मूळ चिपच्या सॉकेटमध्ये बसणारी नव्या चिपची पाटी. ४० पायांच्या एका मॉड्यूलसाठी: एक एटीएफ१५०८एएस, १०० पायांच्या चपट्या पॅकेजमध्ये, तिच्या प्रत्येक वीजपायाशी १०० नॅनोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक, जेटॅगसाठी सहा छिद्रे, आणि २० पायांच्या खरादलेल्या गोल पिनांच्या दोन पट्ट्या, १५.२४ मिलिमीटर अंतरावर. चौकोनी बर्ग पिन लावू नका. त्या जाड असतात, सॉकेटच्या पात्या फाकवतात आणि पुन्हा मूळ चिप लावली की ती सैल बसते. श्रिंक डीआयपी पॅकेज असेल तर दोन पायांतले अंतर २.५४ नसून १.७७८ मिलिमीटर असते, हे कॅलिपरने मोजून घ्या. क्लॉक येणाऱ्या पायाला सीपीएलडीचा ग्लोबल क्लॉकच द्या. वेगाने हलणाऱ्या आउटपुटना ३३ ओहम मालिकेत घाला, कारण हे बोर्ड बहुधा दोनच थरांचे आणि ग्राउंड तुटपुंजे असते.

मॉड्यूल बसवले, पण चित्र बिघडले. कुठे बघायचे?

सगळे चित्र एक पिक्सेल सरकले असेल तर तुमची चिप जास्तच चपळ आहे. मूळ चिप क्लॉकनंतर ४० नॅनोसेकंदांनी आउटपुट बदलायची, नवी १० मध्ये बदलते. पुढच्या लॅचला क्लॉक दोन एलएस गेटमधून २० नॅनोसेकंद उशिरा पोचत असेल तर ती जुन्याऐवजी पुढची किंमत पकडते. आउटपुट क्लॉकच्या उलट्या कडेवर काढा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

दर आठ पिक्सेलवर उभी रेघ दिसते? टाइल भरण्याचा क्षण चुकला आहे. मूळ चिपमध्ये पारदर्शक लॅच होती आणि तुम्ही फ्लिप-फ्लॉप लिहिला आहे का, ते तपासा.

गार असताना ठीक आणि अर्ध्या तासाने कचरा दिसत असेल तर दोघे एकाच वेळी बसवर बोलत आहेत. आउटपुट बंद होण्याची वेळ ॲनालायझरवर पाहा. त्या पायाजवळची चिप बोट भाजण्याइतकी तापते, हीदेखील खूण.

बोर्ड दहापैकी तीनदाच सुरू होतो, तेही वीज बंद-चालू केल्यावर? एफपीजीए फ्लॅशमधून स्वतःला भरून घेत असते, तोवर बोर्डाचा रिसेट संपून जातो. एफपीजीए तयार होईपर्यंत रिसेट लाइन ओपन ड्रेनने खाली धरून ठेवा. सीपीएलडीत हा त्रास नाही.

नवी चिप हुबेहूब वागते, हे सिद्ध कसे करायचे?

अर्धा तास खेळून बघितले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. चालू असलेल्या दुसऱ्या बोर्डावर मूळ चिप जागेवर ठेवा. नव्या चिपला तेच इनपुट द्या, तिचे आउटपुट मात्र बसला जोडू नका. एफपीजीएत दोघींचे आउटपुट एक्सऑर करा, क्लॉकच्या स्थिर भागात नमुना घ्या आणि एकदा जरी फरक आला तरी पेटून राहील असा एलईडी लावा. सोबत फरक कोणत्या पायावर आला ते रजिस्टरमध्ये धरून ठेवा. ॲट्रॅक्ट मोडमध्ये (कुणी खेळत नसताना आपोआप चालणाऱ्या नमुना खेळात) २४ तास आणि शेवटच्या पातळ्यांपर्यंत खेळून एलईडी विझलेलाच राहिला, तर चिप तयार. स्क्रीन उलटी करणारा डिप स्विचही चालू करून पाहा. सगळ्यात जास्त चुका तिथेच लपतात.

नागपूरच्या हवेचा काही फरक पडतो का?

पडतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते, बंद कॅबिनेटच्या आत त्याहून बरेच जास्त. ० ते ७० अंशांचे व्यापारी दर्जाचे भाग घेऊ नका, उणे ४० ते ८५ अंशांचे घ्या. कूलरच्या झोतात बोर्ड उघडा ठेवू नका. ओलसर हवा आणि उरलेला फ्लक्स मिळून पायांमध्ये गळती सुरू होते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत उलटे, तेव्हा स्थिर विजेचा धोका, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच. बोर्ड धुवायचा असेल तर नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी नको, पांढरे क्षार चिकटून राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरा आणि शेवटी अल्कोहोलने पुसा.

सुटे भाग इथे मिळतात का?

७४ मालिकेच्या चिप, सॉकेट, कपॅसिटर, फ्लक्स नागपूरच्या बर्डी भागात शोधले तर मिळतात. सीपीएलडी आणि एफपीजीए अधिकृत वितरकाकडूनच मागवा. ऑनलाइन बाजारात छाप खरवडून नवी मारलेली चिप सर्रास मिळते. अशा चिपवर अल्कोहोलचा बोळा फिरवला की अक्षरे निघतात.

जपानी कॅबिनेट थेट भिंतीच्या सॉकेटला लावू का?

लावू नका. ते १०० व्होल्टचे आहे, आपली वीज २३०ची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कॅबिनेटच्या पाटीवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा घ्या आणि अर्थिंग जोडा.

हे कायदेशीर आहे का?

भारतात चिपच्या आराखड्यांसाठी २०००चा वेगळा कायदा आहे आणि नोंदलेल्या आराखड्याचे संरक्षण १० वर्षांचे असते. पेटंटची मुदत २० वर्षे. १९८०च्या दशकातल्या चिपचे तर्कजाल नव्याने लिहिण्यात त्यामुळे अडसर दिसत नाही. प्रोग्रामची गोष्ट निराळी: खेळाची रॉम आणि ५१एक्सएक्ससारख्या मायक्रोकंट्रोलरच्या आतली रॉम यांवर कॉपीराइट आहे. अशा मॉड्यूलसोबत रॉमची फाइल वाटू नका. मेम किंवा जेटी५१ मधून काही घेतले असेल तर त्यांच्या परवान्याच्या अटी तुमच्या मॉड्यूललाही लागू होतात. विकणार असाल तर आधी वकिलाला दाखवा.

काम झाल्यावर काय काय जपून ठेवायचे?

व्हेरिलॉग, सर्किट, गर्बर फाइल (पीसीबी बनवण्याचा नकाशा), चिपमध्ये भरलेली जेईडी फाइल आणि ॲनालायझरची कच्ची नोंद, पाचही एकत्र आणि खुल्या परवान्याखाली ठेवा. नुसती जेईडी फाइल दिली तर उद्या एटीएफ१५०८ बनायची थांबल्यावर पुढचा माणूस पुन्हा शून्यावर येतो. मॉड्यूलच्या पाठीवर मूळ चिपचा क्रमांक, डिझाइनची आवृत्ती आणि पहिल्या पायाची खूण पीसीबीवरच छापून घ्या, कागदी चिठ्ठी कॅबिनेटच्या उष्णतेत गळून पडते. काढलेली मूळ चिप अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून त्याच कॅबिनेटच्या आत बांधून ठेवा.